सहवास आणि संयोग : कॅफीन व धातुक्षार यांच्या रसायनाची प्रस्तावना

रसायनशास्त्राच्या विस्तीर्ण दप्तरात कॅफीन आणि धातूंचे क्षार यांच्या परस्परसंबंधाचे प्रकरण आकाराने फार मोठे नाही. परंतु दोन द्रव्ये एका पात्रात एकत्र आली असता त्यांचा खरोखर संयोग होतो की ती केवळ एकमेकांच्या शेजारी वावरतात, या शास्त्राच्या मूलभूत प्रश्नाचा इतका स्वच्छ आणि नित्याच्या व्यवहाराशी इतका निगडित असा दाखला अन्यत्र क्वचितच सापडतो. चहा निवला की गढूळ होतो, जड पाण्यात केला तर त्यावर तवंग धरतो, लोखंडी भांड्यात राहिला तर काळवंडतो, आणि जेवणाबरोबर घेतला तर अन्नातील लोह पुरते अंगी लागत नाही. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या सर्वांचे खापर सर्रास कॅफीनच्या माथी फोडले जाते, कारण चहा-कॉफीतील हे एकच द्रव्य लोकांना नावाने ठाऊक असते. या आरोपांपैकी बहुतेक निराधार आहेत, एकदोन अर्धे खरे आहेत, आणि धातूंशी कॅफीनचे जे वास्तविक नाते आहे त्याचा तर या आरोपांत मागमूसही नाही. ते नाते सुशिक्षित मराठी वाचकापुढे साद्यंत मांडावे, या हेतूने प्रस्तुत पुस्तक लिहिले आहे. आणि त्याच्या अंतरंगात शिरण्यापूर्वी विषयाची रूपरेषा व त्यामागील भूमिका येथे विशद करणे अगत्याचे आहे.

कॅफीनचा शास्त्रीय इतिहास 1819 साली सुरू होतो. त्या वर्षी येना येथे फ्रिडलीब फर्डिनांड रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाने महाकवी गटे यांच्यासमोर वनस्पतिज विषांचा एक प्रयोग करून दाखविला, त्यावर प्रसन्न होऊन गटे यांनी त्यास कॉफीच्या बिया दिल्या व त्यांचे पृथक्करण करण्यास सुचविले, आणि त्यातून हे शुभ्र, रेशमी सुयांसारख्या स्फटिकांचे द्रव्य निष्पन्न झाले. 1821 साली फ्रान्समध्ये रोबिके यांनी, तसेच पेल्तिए व काव्हांतू या जोडीने ते स्वतंत्रपणे मिळविले. 1827 साली उद्री यांनी चहातून एक द्रव्य काढून त्यास निराळे नाव दिले. आणि 1838 साली मुल्डर व जोब्स्ट यांनी चहातील व कॉफीतील द्रव्य एकच असल्याचा निर्वाळा दिला. दरम्यान 1832 साली फाफ व लीबिग यांनी त्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण ठरविले होते. आज आपण ज्यास आठ कार्बन, दहा हायड्रोजन, चार नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन यांचा रेणू म्हणतो, तो हाच. परंतु रेणूत कोणते अणू किती आहेत हे कळणे ही एक गोष्ट, आणि ते एकमेकांस कसे जोडलेले आहेत हे कळणे ही अगदी दुसरी गोष्ट. आणि या दुसऱ्या ज्ञानासाठी शास्त्राला आणखी अर्धे शतक थांबावे लागले.

धातूंशी कॅफीन कसे वागते हे समजण्यासाठी या रचनेचा थोडा तपशील डोळ्यांपुढे असला पाहिजे. कॅफीनच्या रेणूत एक सहा अणूंचे आणि एक पाच अणूंचे अशी दोन कडी एका बाजूने परस्परांस जोडलेली असतात. या कड्यांत चार नायट्रोजन अणू बसलेले असतात आणि त्यांना 1, 3, 7 आणि 9 असे क्रमांक दिलेले आहेत. यांपैकी 1, 3 आणि 7 या तीन स्थानांवर मेथिल गट ठाण मांडून बसले आहेत. मोकळा असा एकच, 9 क्रमांकाचा नायट्रोजन उरतो, आणि धातूच्या आयनाला देऊ करता येईल अशी इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी प्रामुख्याने त्याच्याजवळच असते. मोठ्या कड्यावर दोन ऑक्सिजन अणू आहेत खरे, परंतु त्यांची धातूला धरण्याची शक्ती बेताचीच. शिवाय तो मोकळा नायट्रोजनही पुरता मोकळा नाही. शेजारच्या 3 क्रमांकाच्या स्थानावरील मेथिल गट त्याच्या वाटेवर अंग टाकून बसल्यासारखा असतो, आणि जवळ येऊ पाहणाऱ्या धातूला त्याची अडचण सोसूनच बंध जोडावा लागतो.

यावरून कॅफीनचे दोन स्वभावधर्म उलगडतात, आणि पुढील सर्व विवेचन या दोहोंवर उभे आहे. पहिला असा, की कॅफीन ही अत्यंत दुर्बळ आम्लारी आहे. क्विनीन किंवा स्ट्रिक्नीन यांच्यासारखी वनस्पतिज द्रव्ये आम्लांशी संयोग पावून टिकाऊ क्षार देतात, तर कॅफीन हे आम्लाचा प्रोटॉन स्वीकारण्यात अमोनियाहूनही कित्येक कोटी पटींनी मागे असल्यामुळे त्याचे क्षार पाण्यात पडताच बव्हंशी विघटित होतात. दुसरा स्वभावधर्म असा, की तिन्ही नायट्रोजनांवर मेथिल गट असल्याने सोडून देण्याजोगा एकही आम्लधर्मी हायड्रोजन कॅफीनपाशी नाही. म्हणजे ज्या मार्गाने कार्बनी आम्ले हायड्रोजनाच्या जागी धातू घेऊन क्षार बनवितात, तो मार्गच त्याला बंद आहे. आम्लारी म्हणून दुर्बळ आणि आम्ल म्हणून शून्य, अशा या द्रव्याचा धातुक्षारांशी व्यवहार तो काय असणार, अशी शंका येथे सहज मनात येते. आणि या शंकेचे उत्तर शोधता शोधताच एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांच्या हाती कॅफीनच्या रचनेची किल्ली आली.

ती किल्ली कॅफीनच्या दोन भावंडांकडे होती. कोकोच्या बियांतील थिओब्रोमीन 1841 साली व्होस्क्रेसेन्स्की यांनी शोधले आणि चहातील थिओफायलीन 1888 साली कोसेल यांनी. ही दोन्ही द्रव्ये कॅफीनहून एकाच मेथिल गटाने उणी आहेत, आणि त्या उण्या जागी नायट्रोजनावर एक हायड्रोजन आहे. दिसण्यात क्षुल्लक असणारा हा भेद धातूंच्या बाबतीत निर्णायक ठरतो. थिओब्रोमीन तो हायड्रोजन सोडून त्या जागी चांदीचा अणू स्वीकारते व त्याचा अविद्राव्य असा चांदीचा क्षार तयार होतो. 1861 साली श्ट्रेकर यांनी हा चांदीचा क्षार मेथिल आयोडाइडबरोबर तापविला, तेव्हा चांदी आयोडिनाबरोबर निघून गेली, तिच्या रिकाम्या जागी मेथिल गट येऊन बसला, आणि हाती आलेले द्रव्य कॅफीन असल्याचे सिद्ध झाले. पुढे 1882 साली एमिल फिशर यांनी झँथिन या मूळ द्रव्याच्या शिशाच्या क्षारावर हीच क्रिया करून थिओब्रोमीन मिळविले. म्हणजे झँथिनापासून शिशाच्या मध्यस्थीने थिओब्रोमीन आणि थिओब्रोमीनापासून चांदीच्या मध्यस्थीने कॅफीन, अशी ही वंशावळ प्रयोगाने सिद्ध झाली. 1895 साली फिशर यांनी साध्या द्रव्यांपासून कॅफीनची घडण करून दाखविली आणि शर्करा व प्यूरिन या वर्गांवरील त्यांच्या कार्याबद्दल 1902 सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु या यशाच्या पायाशी शिशाचे व चांदीचे हे दोन नम्र क्षार होते, याचा उल्लेख फार थोडे लोक करतात, आणि म्हणून या पुस्तकाच्या एका संपूर्ण प्रकरणात तो वृत्तान्त सविस्तर दिला आहे.

याच भेदाचा उपयोग पृथक्करणशास्त्राने आपल्या वहिवाटीत कायमचा सामावून घेतला. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण झँथिन, थिओब्रोमीन व थिओफायलीन यांचा अवक्षेप पाडते, परंतु कॅफीनला तसेच द्रावणात राहू देते. थिओब्रोमीनाच्या मापनाची पद्धती तर याहूनही मनोहर आहे : थिओब्रोमीनाच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातले असता चांदीचा क्षार खाली बसतो व विस्थापित झालेला हायड्रोजन नायट्रिक आम्लाच्या रूपाने द्रावणात मुक्त होतो, आणि त्या आम्लाचे मोजमाप अल्कलीने केले की मुळात थिओब्रोमीन किती होते याचा चोख हिशेब लागतो. कॅफीनजवळ देण्यासारखा हायड्रोजनच नसल्याने या हिशेबात त्याची ढवळाढवळ होत नाही. एखाद्या द्रव्याने संयोगास दिलेला नकार हाही त्याच्या ओळखीचा तितकाच खात्रीचा पुरावा असतो, हा धडा येथे प्रथम मिळतो, आणि तो पुढे वारंवार उपयोगी पडतो.

तथापि कॅफीन धातूंना सर्वथा पारखे आहे असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. त्या एकाकी, 9 क्रमांकाच्या नायट्रोजनाच्या द्वारे कॅफीन काही धातूंशी सहसंबद्ध बंध जोडते, आणि ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच लक्षात आली होती. मर्क्युरिक क्लोराइड व सिल्व्हर नायट्रेट यांच्याशी त्याची स्फटिकरूप संयुगे त्या काळी तयार केली गेली. पुढे क्ष-किरणांच्या साह्याने स्फटिकांतील अणूंच्या जागा निश्चित करता येऊ लागल्या, तेव्हा प्लॅटिनम, पॅलेडियम, चांदी, पारा, तांबे इत्यादींच्या अनेक कॅफीनयुक्त जटिल संयुगांची रचना उजेडात आली, आणि बहुतेक ठिकाणी धातूला धरून ठेवणारा तो 9 क्रमांकाचाच नायट्रोजन आढळला. या यादीत प्लॅटिनम, पॅलेडियम, चांदी, पारा यांच्यासारख्या जड व सहज विरूप होणाऱ्या इलेक्ट्रॉन-मेघाच्या धातूंचा भरणा आहे, हा केवळ योगायोग नव्हे. 1963 साली राल्फ पीअर्सन यांनी आम्ले व आम्लारी यांची मृदू आणि कठीण अशी जी विभागणी केली, तिच्या दृष्टीने पाहता सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम हे कठीण आयन ऑक्सिजनाकडे ओढ घेणारे, आणि पाण्यात असताना तर ते पाण्याच्या रेणूंनी असे वेढलेले असतात, की कॅफीनसारख्या दुर्बळ पाहुण्याला त्या वेढ्याच्या आत शिरकाव मिळणे दुरापास्तच.

हा वेढा कसा टिकतो याचे एक सुरेख उदाहरण कोबाल्टच्या आयसोथायोसायनेट क्षाराचे आहे. पाण्यातून कॅफीनसह त्याचे स्फटिक वाढविले असता कोबाल्टच्या भोवती पाण्याचे चार रेणू व आयसोथायोसायनेटचे दोन गट ठाम बसलेले असतात, आणि कॅफीन त्या वर्तुळाच्या बाहेर, धातूला चिकटलेल्या पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंधाने जोडलेले आढळते. स्फटिक एक, त्यात कोबाल्ट आहे आणि कॅफीनही आहे. प्रमाणही निश्चित आहे. आणि तरीसुद्धा कोबाल्ट व कॅफीन यांच्यामध्ये प्रत्यक्ष बंध नाही. ठराविक प्रमाणात एकत्र सापडणारी दोन द्रव्ये परस्परांशी बद्धच असली पाहिजेत, असा समज ज्याच्या मनात असेल, त्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

अशीच सावधगिरी जुन्या प्लॅटिनम व सुवर्ण क्षारांच्या बाबतीतही बाळगावी लागते. कॅफीनच्या तीव्र आम्लयुक्त द्रावणात प्लॅटिनम क्लोराइड घातले असता जो द्विक्षार स्फटिकरूपाने मिळतो, त्यात प्रोटॉन घेतलेले कॅफीन धन आयन म्हणून आणि क्लोरीनवेष्टित प्लॅटिनम ऋण आयन म्हणून नांदत असतात. त्यांच्यामध्ये विद्युत्-आकर्षण असते, बंध नसतो. असा क्षार जाळून मागे राहिलेल्या प्लॅटिनमचे वजन केले की वनस्पतिज द्रव्याचा रेणुभार काढता येई, आणि जुने रसायनशास्त्रज्ञ तो नेहमी याच रीतीने काढीत. याच्या उलट मायर यांचे विकारक म्हणून प्रसिद्ध असलेले पोटॅशियम मर्क्युरिक आयोडाइडचे द्रावण बहुतेक सर्व अल्कलॉइडांचा पांढुरका अवक्षेप पाडते, परंतु कॅफीनच्या बाबतीत निष्फळ ठरते. कारण तो अवक्षेप प्रोटॉन घेतलेल्या आम्लारीचा आणि पारा-आयोडिनाच्या ऋण आयनाचा असतो, आणि कॅफीन तर प्रोटॉन घेण्यासच नाखूष. अल्कलॉइडांच्या शोधासाठी नमुना हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने या अपवादाची नोंद ठेवली नाही, तर ज्या नमुन्यात कॅफीन भरपूर आहे त्यालाही तो अल्कलॉइडरहित ठरवून मोकळा होईल.

यानंतर विषय येतो तो ज्या क्षारांचा कॅफीनशी कोणत्याच प्रकारचा बंध जुळत नाही अशांचा, आणि आश्चर्य असे की उद्योगधंद्याच्या दृष्टीने हेच क्षार अधिक महत्त्वाचे आहेत. कॅफीन सामान्य तापमानाच्या 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 2 ग्रॅम विरघळते आणि उकळत्या पाण्यात सुमारे 66 ग्रॅम. या द्रावणात मीठ किंवा सोडियम सल्फेट घातले तर कॅफीनची विद्राव्यता घटते. सोडियम परक्लोरेट किंवा थायोसायनेट घातले तर उलट वाढते. सोडियम दोन्हीकडे तोच असूनही परिणाम परस्परविरुद्ध, यावरून हे स्पष्ट होते की येथे सोडियम कॅफीनला धरीत नाही की ढकलीत नाही. क्षाराचे आयन पाण्याच्या रेणूंची जी मांडणी करतात, तिच्यात कॅफीनच्या चपट्या रेणूला किती सुखाने राहता येते, एवढाच प्रश्न आहे. चहाच्या अर्कातून कॅफीन कार्बनी विद्रावकात ओढून घेताना प्रयोगशाळेत मीठ घालण्याची जी पद्धत आहे, तिचे मर्म हेच. औषधशास्त्रात प्रसिद्ध असलेले कॅफीन व सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण याच जातीचे. त्यात बेंझोएटच्या चपट्या कड्यांजवळ कॅफीनचे रेणू थर लावून बसतात व त्यामुळे टोचण्याच्या औषधाइतके घट्ट द्रावण करता येते, सोडियम मात्र केवळ सोबतीला असते.

निष्कर्षणाच्या कामात तर धातुक्षारांचा उपयोग कॅफीनला बांधण्यासाठी होतच नाही. तो होतो त्याच्या शेजाऱ्यांना बांधून बाजूस सारण्यासाठी. चहाच्या अर्कात शिशाचे असिटेट घातले असता टॅनिने शिशाशी संयोग पावून गाळाच्या रूपाने खाली बसतात आणि कॅफीन वरच्या निवळीत सुखरूप राहते. शिल्लक शिसे नंतर हायड्रोजन सल्फाइडने काढून टाकले जाते. 1919 साली पॉवर व चेस्नट यांनी कॅफीनच्या मापनाची जी सुधारित पद्धती घालून दिली, तिच्यात हेच काम मॅग्नेशियाकडून करून घेतलेले आहे. चहाच्या निरुपयोगी चुऱ्यापासून कॅफीन काढण्याचा धंदा आपल्या देशात दीर्घकाळ चालत आला आहे, आणि तो चुरा भेसळीच्या चहाच्या रूपाने बाजारात परत येऊ नये म्हणून सरकारने 1959 साली त्याच्या खरेदी-विक्रीवर नियंत्रणाचा हुकूमही काढला. या धंद्यातही चुन्याचा उपयोग आम्लधर्मी टॅनिनांना कॅल्शियमच्या क्षाराच्या रूपाने अडकवून कॅफीनला मोकळे करण्यासाठी केला जातो. शिसे, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम हे तीन निराळे धातू, परंतु त्यांचे कार्य एकच. आणि ते यशस्वी होते याचे कारण कॅफीन त्यांपैकी एकाच्याही हाती लागत नाही.

कॉफीच्या कच्च्या बीमध्ये स्वतः निसर्गानेच धातुक्षार आणि कॅफीन यांची एक विलक्षण जोडणी करून ठेवली आहे. 1846 साली आन्सेल्म पेयाँ यांनी कच्च्या कॉफीतून असे एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले, की ज्यात पोटॅशियम, एक वनस्पतिज आम्ल आणि कॅफीन ही तिन्ही निश्चित प्रमाणात होती. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गॉर्टर यांनी त्याचे काळजीपूर्वक परीक्षण केले. हे आम्ल म्हणजे क्लोरोजेनिक आम्ल होय. या द्रव्याच्या स्फटिकात कॅफीनचा चपटा रेणू आम्लाच्या सुगंधी कड्यावर समांतर टेकलेला असतो, आणि पोटॅशियमचे काम प्रामुख्याने आम्लावरील ऋण भाराचा तोल सांभाळण्याचे असते. कॉफीच्या पेशीत कॅफीनचा साठा रिक्तिकांमध्ये होतो, आणि तेथे त्याला धरून ठेवण्यात या आम्लाशी होणाऱ्या युतीचा मोठा वाटा आहे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. एरवी मेदाच्या पटलांतून सहज आरपार जाणारे कॅफीन एका ठिकाणी साठून राहणे कठीण. धातूशी थेट बंध न जोडताही धातुक्षाराच्या घडणीत कॅफीन कसे स्थान मिळविते, याचे याहून मार्मिक उदाहरण मजसमोर नाही.

आता आरंभी उल्लेखिलेल्या आरोपांचा निवाडा करता येईल. निवलेल्या चहाचा गढूळपणा हा कॅफीन आणि चहातील थिआफ्लेव्हिनांसारखी पॉलिफिनॉले यांच्या युतीमुळे येतो व कॅल्शियम असल्यास तो वाढतो. तेव्हा येथे कॅफीन भागीदार आहे, परंतु कॅल्शियमचा संबंध मुख्यतः पॉलिफिनॉलांशी. जड पाण्यातील चहावरच्या तवंगाचा अभ्यास लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात स्पायरो व जगन्यी यांनी केला व 1993 साली प्रसिद्ध केला. त्यासाठी कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ही दोन्ही पाण्यात असावी लागतात, व तवंग होतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा आणि हवेने ऑक्सिडीकृत झालेल्या पॉलिफिनॉलांचा. कॅफीन येथे निर्दोष. लोखंडी भांड्यातील काळेपणा म्हणजे तर हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे जी काळी शाई करीत, तिचेच रसायन : एकमेकांशेजारी हायड्रॉक्सिल गट असलेली टॅनिने लोहाला घट्ट पकडून काळे संयुग बनवितात. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नधान्यातील लोहाच्या शोषणात व्यत्यय आणतो तोही याच टॅनिनांच्या पकडीमुळे. आणि म्हणून ज्यातले केवळ कॅफीन काढून घेतले आहे असा चहा पिऊन ही हानी टळेल अशी आशा करणे व्यर्थ आहे. भारतातील 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रिया पांडुरोगग्रस्त असल्याचे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. ज्या समाजात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोहाची वा तत्सम घटकांची वाण आहे, तेथे दोषी द्रव्य कोणते हे अचूक सांगणे ही केवळ विद्वत्तेची हौस राहत नाही. चहा जेवणाबरोबर न घेता काही वेळाने घ्यावा, हा साधा सल्ला त्या अचूक ज्ञानातूनच निघतो.

कॅल्शियम आणि लिथियम यांचा मामला याहून सूक्ष्म आहे. कॅफीनच्या सेवनाने मूत्रावाटे कॅल्शियम थोडे अधिक जाते हे खरे, परंतु कॅफीन कॅल्शियमला पकडून बाहेर नेते असे मुळीच नव्हे. ते मूत्रपिंडाच्या कार्यावर परिणाम करते, आणि ही तूटही इतकी अल्प असते की पेल्यात घातलेले एकदोन चमचे दूध ती भरून काढते. लिथियमच्या क्षारांचा उपयोग मनोविकारांवर होऊ शकतो हे 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दाखवून दिले; हे क्षार घेणाऱ्या रुग्णांत कॅफीन मूत्रपिंडाद्वारे लिथियमच्या उत्सर्जनाचा वेग वाढविते, आणि भरपूर कॉफी पिणाऱ्या रुग्णाने ती एकाएकी सोडली तर त्याच्या रक्तातील लिथियमचे प्रमाण धोक्याच्या पातळीकडे चढू शकते. परीक्षानळीत लिथियम व कॅफीन शेजारी ठेवले तर त्यांच्यात काहीच घडत नाही. मनुष्यदेहात मात्र त्यांची गाठ जीवनमरणाच्या प्रश्नाला स्पर्श करते. तेव्हा संयोग नाही म्हणून परिणाम नाही असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच परिणाम दिसला म्हणून संयोग झाला असे म्हणणेही चुकीचे आहे.

या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण गेल्या काही दशकांतील एका अनपेक्षित वळणासंबंधी आहे. कॅफीनच्या 9 क्रमांकाच्या नायट्रोजनावर चौथा मेथिल गट बसविला, म्हणजे धातूला धरण्याचे जे एकमेव द्वार होते तेही बंद केले, तर रेणूवर धन भार येतो आणि लहान कड्यातील 8 क्रमांकाच्या कार्बनावरचा हायड्रोजन सहज सुटणारा होतो. सिल्व्हर ऑक्साइडसारख्या द्रव्याने तो काढून घेतला की उघडा पडलेला कार्बनच धातूला कवटाळतो, आणि हा बंध नायट्रोजनाच्या त्या जुन्या, शिथिल बंधाहून पुष्कळ मजबूत असतो. अशा संयुगांना कार्बीन संयुगे म्हणतात. पाऱ्याची अशी संयुगे 1970 नंतरच्या दशकात जर्मनीत तयार झाली. अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात कॅफीनपासून चांदीची कार्बीन संयुगे बनवून त्यांचा जंतुनाशक गुण तपासण्यात आला. आणि 2014 साली युरोपातील संशोधकांनी असे एक सुवर्णसंयुग प्रसिद्ध केले, ज्यात सोन्याच्या एका अणूला कॅफीनपासून झालेली दोन कार्बीने दोन्ही बाजूंनी धरून असतात व ते संयुग गुणसूत्रांच्या टोकांशी आढळणाऱ्या डीएनएच्या चौपदरी रचनेला निवडकपणे बिलगते. कर्करोगाच्या चिकित्सेच्या दृष्टीने हे संशोधन प्रयोगशाळेच्या पातळीवरचे आहे आणि त्यावरून औषधाची ग्वाही देणे अनुचित होईल. परंतु दोन शतके धातूंशी फटकून वागणाऱ्या या रेणूत इतकी दृढ पकड सुप्त होती, ही गोष्ट रसायनशास्त्राच्या अभ्यासकाला थक्क करणारी आहे.

पुस्तकाची मांडणी या प्रस्तावनेच्या क्रमानेच केली आहे : प्रथम रचना, मग झँथिनाच्या कुळातील धातुक्षार, त्यानंतर सहसंबद्ध संयुगे, क्षारांचा विद्राव्यतेवरील परिणाम, निष्कर्षण व मापन, वनस्पतीतील व देहातील व्यवहार, आणि अखेरीस कार्बीन संयुगे. शालान्त परीक्षेपर्यंतचे रसायनशास्त्र ज्याने मन लावून वाचले आहे, त्यास यातील कोणताही भाग दुर्बोध वाटू नये अशी दक्षता घेतली आहे. आणि जेथे प्रयोग घरी किंवा शाळेत करता येण्याजोगे आहेत तेथे त्यांची कृती दिली आहे, शिसे व पारा यांच्या क्षारांचे प्रयोग मात्र ही द्रव्ये विषारी असल्याने केवळ वर्णनापुरते ठेवले आहेत. आरोग्याविषयीच्या प्रकरणातील मजकूर हा ज्ञानासाठी आहे, वैद्याच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. विशेषतः लिथियमचे क्षार घेणाऱ्या वाचकाने आपल्या चहा-कॉफीच्या सवयीत कोणताही मोठा बदल आपल्या डॉक्टरांना कळविल्यावाचून करू नये, हे येथे आग्रहपूर्वक सांगणे माझे कर्तव्य आहे.

आपल्याकडे आहाराविषयीचे ज्ञान बहुधा निषेधाच्या किंवा स्तुतीच्या भाषेत सांगितले जाते. अमुक द्रव्य वाईट, तमुक द्रव्य हितकर, एवढ्यावर वाचकाची बोळवण होते आणि ते द्रव्य नेमके कोणाशी, कोणत्या अणूच्या द्वारे, किती बळाने संबंध जोडते हा प्रश्न विचारलाच जात नाही. तो प्रश्न विचारण्याची सवय हीच शास्त्रीय बुद्धीची खरी सुरुवात होय, अशी माझी दृढ श्रद्धा आहे. कॅफीन आणि धातुक्षार यांचे प्रकरण मला त्या सवयीच्या शिक्षणासाठी अत्यंत योग्य वाटते, कारण येथे संयोग आहे, विद्युत्-आकर्षण आहे, पाण्याच्या मध्यस्थीने जुळलेले सान्निध्य आहे, निव्वळ शेजार आहे आणि देहाच्या द्वारे घडणारा दूरस्थ परिणामही आहे, आणि हे पाचही प्रकार एकाच परिचित द्रव्याच्या आश्रयाने एकमेकांपासून वेगळे करून पाहता येतात. ते वेगळे करण्याचे साधन प्रत्येक ठिकाणी प्रयोगच राहिले आहे : चांदीचा अवक्षेप पडला की नाही, आम्ल किती मुक्त झाले, स्फटिकात धातूच्या लगत कोणता अणू बसला आहे. जो वाचक हे पुस्तक मिटल्यानंतर कोणत्याही दोन द्रव्यांविषयीचे विधान ऐकताच प्रथम त्यामागचा प्रयोग विचारील आणि मगच त्यावर इतबार ठेवील, त्याच्यापुरते तरी हे लेखन सार्थकी लागले असे मी समजेन.